पंगत किती पानांची?

लग्नाचं जेवण ठरवायला आचारी येतो. यजमान सांगतात, "सहाशे पानं." आचारी मान डोलावतो आणि विचारतो, "पंगत किती पानांची?"

सहाशे हा तांदळाचा आकडा. पंगतीचा आकडा वाढप्यांचा, ताटांचा, मांडवाचा आणि व्याह्यांच्या रुसव्याचा. सॉफ्टवेअरच्या धंद्यात पहिला आकडा सगळे छाती फुगवून सांगतात. दुसरा विचारला की म्हणतात, "सांगितलं ना, दहा लाख युजर."

*

दिवसाला दहा लाख म्हणजे सेकंदाला साडेअकरा. एवढ्यांना माझा जुना लॅपटॉपही पुरून उरेल. पण समजा, त्यातले एक तृतीयांश पहिल्या पाच मिनिटांत आले. मग सेकंदाला अकराशे. माणसं तीच, दिवस तोच, काम शंभरपट.

सरासरी पावसावर धरणाचा सांडवा कोणी बांधत नाही. सर्व्हर मात्र सरासरीवर घेतात.

*

जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ मध्ये एका सूत्राची सिद्धता दिली. आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आत जाणारा वेळ. तासाला दोनशे जण जेवायला येतात, प्रत्येक जण अर्धा तास पानावर बसतो. तर सरासरी शंभर पानं मांडलेली असणार. एवढंच. सूत्र इतकं साधं आहे की त्याला सिद्धता लागावी याचंच आधी नवल वाटतं.

आचाऱ्याने लिटलचं नाव ऐकलेलं नसतं. मठ्ठा उशिरा आला की पंगत लांबते आणि पुढची पंगत दारात उभी राहते, एवढं त्याला ठाऊक असतं. हाच मठ्ठा आमच्याकडे असा उशिरा येतो: सेकंदाला पाचशे विनंत्या, प्रत्येकीला ०.२ सेकंद, म्हणजे आत शंभर. डेटाबेस रेंगाळला, प्रत्येकीला २ सेकंद लागू लागले. आत हजार. बाहेरून एक माणूसही जास्त आलेला नाही, तरी मांडव फुटायला आला आहे.

"अचानक ट्रॅफिक वाढलं" असं साइट बसल्यावर सांगतात. पुष्कळदा ट्रॅफिक तेवढंच असतं. गर्दी आत झालेली असते.

*

आग्नेर एर्लांग हा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता. फोनच्या येण्यातली यदृच्छा गणितात कशी बसवायची, यावर त्याचा निबंध १९०९ चा. इतक्या ग्राहकांना किती लाइन पुरतील, हा त्याच्या कंपनीचा प्रश्न होता. आमचाही तोच आहे. त्याचं गणित एका गृहीतावर उभं आहे: फोन करणारे एकमेकांना विचारून फोन उचलत नाहीत.

तत्काळ तिकिटाला हे गृहीत पहिल्याच सेकंदाला मोडतं. सकाळचे दहा वाजले की देशभरातली बोटं एकाच बटणावर. कोणी कोणाला विचारलेलं नसतं, घड्याळाने सगळ्यांना सांगितलेलं असतं. २०१५ च्या जूनपासून रेल्वेने वातानुकूलित वर्गांचं तत्काळ दहाला ठेवलं आणि बाकीच्यांचं अकराला. एक लाट होती, तिच्या दोन झाल्या. मला हा उपाय फार आवडतो. त्याला कपाटभर यंत्रं लागत नाहीत, आणि त्यावर चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशनही करता येत नाही.

*

सर्व्हर ९० टक्के वापरात आहे हे ऐकून हिशेब बघणारा खूश होतो. मला घाम फुटतो.

एका खिडकीपुढच्या रांगेचं पाठ्यपुस्तकी गणित असं आहे. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल, तर रांगेसकट लागणारा वेळ कामाच्या दुप्पट. ८० टक्के गुंतली तर पाचपट. ९० ला दहापट, ९५ ला वीसपट, ९९ ला शंभरपट. शेवटच्या नऊ टक्क्यांत जे घडतं ते आधीच्या नव्वदांत मिळून घडलेलं नसतं. म्हणून "काल तर व्यवस्थित चालत होतं" हे वाक्य खरंही असतं आणि निरुपयोगीही.

आयत्या वेळी धावणारा वाढपी आधी भिंतीला टेकून उभा असावा लागतो. यजमानांच्या डोळ्यात नेमका तोच खुपतो.

*

"अजून माणसं लावा" हा मांडवातला जुना उपाय. "अजून सर्व्हर लावा" ही त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती.

एक वाढपी दहा पानं सांभाळतो. मग दहा वाढपी शंभर सांभाळतील? नाही सांभाळत. जिलबी कोठीत आहे, कोठीवर आत्या बसल्या आहेत, आणि आत्या एका वेळी एकाच्याच परातीत मोजून घालतात. वाढपी कितीही आणा, आत्या एकच. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये संगणकाबद्दल हेच मांडलं: कामाचा जो भाग एकामागून एकच उरकता येतो, तो बाकी सगळ्या वेगाला वेसण घालतो. हा भाग ५ टक्के असला, तर हजार प्रोसेसर लावूनही वेग वीसपटीच्या पुढे सरकत नाही.

आमच्याकडच्या आत्या निरनिराळ्या नावांनी बसतात. डेटाबेसमधलं एखादं लॉक. पावतीचा पुढचा क्रमांक देणारं एकुलतं टेबल. सगळ्यांनी लिहायची एकच लॉग फाइल. सगळ्या घरातल्या, विश्वासातल्या, वर्षानुवर्षं बसलेल्या. त्यांना उठा म्हणणार कोण?

पण अ‍ॅम्डालचा आलेख फार तर सपाट होतो. खाली येत नाही. आणि मांडवातलं काम खाली येताना तर आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. वाढपी फार झाले की एकमेकांना विचारू लागतात. "या ओळीत मठ्ठा झाला का?" "कोशिंबीर कोणाकडे आहे?" "अरे, मी वाढली की तू?" दोघांत एक जोडी, तिघांत तीन, दहांत पंचेचाळीस. एका पानावर दोनदा भात पडतो, शेजारचं पान कोरडं राहतं, आणि दोन वाढपी वरणाच्या बादल्या घेऊन खांबाशी एकमेकांना वाट देत उभे.

या विचारपुशीची किंमत नील गुंथर या ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात सूत्रात घातली. अ‍ॅम्डालकडे रांगेत थांबण्याची वजाबाकी होती. गुंथरने दुसरी जोडली, एकमेकांशी मेळ राखण्याची. पहिली माणसांच्या संख्येबरोबर वाढते, दुसरी जोड्यांच्या संख्येबरोबर.

आकडे घालून बघू. थांबण्याचा वाटा ३ टक्के धरला, मेळाचा दहा हजारांत एक. मग १० वाढपी ७.८ जणांचं काम करतात. ५० जण १८.४ जणांचं. ९८ जण २०.२ जणांचं, आणि तो कळस. २०० लावले तर १८.३. दोनशे जणांची मजुरी देऊन पन्नासांहून किंचित कमी काम.

दहा हजारांत एक! एवढी बारीक कुरबुर कोणाच्या लक्षात येणार? दहा वाढप्यांपर्यंत मोजलं तर तिने केलेलं नुकसान एक टक्काही भरत नाही. बत्तीसपर्यंत मोजलं तर पाच टक्के. चाचणीच्या गोंगाटात पाच टक्के सहज हरवतात. पुढे येणारा उतार मात्र त्या पाच टक्क्यांतच लिहिलेला असतो. आमच्या धंद्यातलं भाकीत म्हणजे हे पाच टक्के हरवू न देणं. बाकीचं काम आलेख काढणारा प्रोग्राम करतो.

*

१ ऑक्टोबर २०१३ ला अमेरिकेत आरोग्यविम्याची सरकारी वेबसाइट, हेल्थकेअर डॉट गव्ह, उघडली. एका वेळी पन्नास-साठ हजार लोक येतील असा अंदाज होता. अडीच लाख आले. पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी पूर्ण करून बाहेर पडले सहा. पुढे शून्यं नाहीत, सहाच.

अंदाज चौपटीहून जास्त चुकल्याची गोष्ट म्हणून हे सांगतात. मला त्यात दार दिसतं. विम्याचे दर नुसते बघायचे असले, तरी आधी खातं उघडायला लागत होतं. काचेबाहेरून साड्या बघणाऱ्याला आधी आधार कार्ड मागावं, तसं. बघे आणि घेणारे एकाच उंबऱ्यावर अडकले. उद्घाटनाच्या काही दिवस आधीच्या चाचणीत काही शे माणसांनीच साइट कोसळली होती. तेव्हा अडीच लाखांना दोष देण्यात फारसा अर्थ नाही.

*

लोड टेस्टमधला माणूस फार सभ्य असतो. विनंती पाठवतो, उत्तर येईपर्यंत हाताची घडी घालून थांबतो, मग पुढची पाठवतो. जेमीटर या चाचणीच्या प्रोग्राममध्ये हजार युजर लावले की असे हजार सोशिक जीव रांगेत उभे राहतात. सर्व्हर रेंगाळला की तेही रेंगाळतात. म्हणजे सर्व्हरची जेव्हा खरी परीक्षा सुरू होते, नेमका तेव्हा परीक्षकाचा हात सैल पडतो.

गिल टेने या अभियंत्याने ही खोड नाव देऊन चव्हाट्यावर आणली. दर सेकंदाला एक विनंती पाठवायची ठरवली, आणि सर्व्हर १०० सेकंद गोठला. सभ्य परीक्षक पहिल्याच विनंतीवर अडकून बसतो. नोंदीत एक वाईट आकडा येतो, तो हजार चांगल्या आकड्यांत विरघळतो, आणि अहवालात सरासरी छान दिसते. खऱ्या जगात त्या काळात शंभर माणसं स्क्रीनवरचं गोल फिरणारं चाक बघत होती.

खरा माणूस तीन सेकंद थांबतो आणि पान रिफ्रेश करतो. मग बायकोचा फोन मागून घेतो. मग आतल्या खोलीत हाक मारतो, "तू पण बघ गं जरा!" दहावीच्या निकालाला दुपारी एक वाजता घरात पाहा. मुलगी एक, बैठक क्रमांक एक, आणि तोच क्रमांक नाशिकचे मामा टाकतायत, ठाण्याची मावशी टाकतेय, क्लासचे सर टाकतायत. परीक्षार्थी जेवढे, तेवढे युजर धरणाऱ्याने मावशी धरलेली नसते.

उत्तर उशिरा येईल तेवढे लोक जास्त विचारतील, आणि जेवढे जास्त विचारतील तेवढं उत्तर उशिरा येईल. २८ एप्रिल २०२१ ला दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरच्यांसाठी कोविनवर लसीची नोंदणी सुरू झाली. सुरुवातीला ओटीपी येत नसल्याच्या तक्रारी आल्या. ओटीपी आला नाही की माणूस काय करतो? 'पुन्हा पाठवा'वर बोट ठेवतो. तरी त्या एका दिवसात १.३ कोटींहून जास्त लोकांची नोंदणी झाली, हेही सांगायला हवं. पडलं ते सांगतो आणि उठून चाललं ते विसरतो, अशी आपल्याला सवय आहे.

माणसाचं एक वेळ ठीक, तो कंटाळून चहा प्यायला जातो. प्रोग्राम कंटाळत नाही. उत्तर नाही आलं तर तीनदा प्रयत्न कर, असं आपणच त्याला शिकवलेलं असतं. एकावर एक असे तीन थर असले आणि तिन्ही थर असे शहाणे असले, तर तळाच्या डेटाबेसवर एका विनंतीच्या सत्तावीस होतात. आजाऱ्याला भेटायला सगळं गाव लोटावं, आणि तो त्या भेटींनीच जायबंदी व्हावा.

*

एसटीने निघालेली सहल शेवटच्या माणसाच्या आंघोळीवर सुटते.

गूगलचे जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३ मध्ये हेच आकड्यांत मांडलं. प्रत्येक सर्व्हर शंभरांत एकदाच रेंगाळतो असं धरा. एका उत्तरासाठी शंभर सर्व्हरना विचारायचं असेल, तर शंभरांतल्या ६३ उत्तरांना उशीर होतो. प्रत्येक जण ९९ टक्के वेळेवर, आणि सहल दर तीनांतून दोनदा उशिरा. कोणालाच बोल लावता येत नाही.

*

पंढरपूरला आषाढीत पदस्पर्शाच्या रांगेत तासन् तास जातात. ज्याच्याकडे तेवढा वेळ नाही तो मुखदर्शन घेतो. ज्याला तेही जमत नाही तो कळसाला हात जोडतो आणि परत फिरतो, आणि त्याची वारी पुरी होते. 'सेवा तात्पुरती उपलब्ध नाही' अशी पाटी कळसावर कोणी लावलेली नाही.

क्षमतेचं भाकीत करताना आम्ही सगळा जीव पदस्पर्शाच्या रांगेत घालतो: मिनिटाला किती सरकतील, अजून किती ढकलता येतील. फार उशिरा कळलं, की विचारायचा प्रश्न दुसरा होता. यातल्या किती जणांचं कळसावर भागेल? निकालाच्या दिवशी विषयवार गुण आणि टक्के एवढंच असलेलं साधं पान, बोधचिन्ह नाही, फोटो नाही, जाहिराती नाहीत: हे कळसदर्शन. पाच मिनिटांपूर्वी काढून कॅशेत ठेवलेली यादी: हे मुखदर्शन. ताज्या माहितीसाठी डेटाबेसच्या पायापर्यंत जाण्याची गरज खरोखर थोड्यांनाच असते. आम्ही मात्र प्रत्येकाला, तो नुसता डोकावायला आला असला तरी, गाभाऱ्यात ओढून नेतो आणि मग गाभारा लहान म्हणून रडतो.

अर्थात विठ्ठलाला चालतं ते बँकेला चालत नाही. खात्यातल्या शिलकेचं लांबून दर्शन घेऊन कोणाचं भागलेलं नाही.

*

शेवटी सगळे एक आकडा मागतात. "किती झेपेल ते सांग. एक आकडा."

एका कामात मी तो दिला होता. कुठल्या, ते सोडा. दोन सर्व्हर लावून मोजलं, मग चार, आठ, बारा, सोळा. पाच ठिपके. चार आणि आठच्या मध्ये रेषा ताठ होती, बाराला जराशी मान तिरकी, सोळाला आणखी जराशी. ठिपक्यांतून गुंथरचा आलेख काढला तर कळस विसाच्या आसपास येत होता. कारणही सापडलं होतं: प्रत्येक सर्व्हर तळाच्या एकाच डेटाबेसशी पन्नास जोडण्या उघडत होता, आणि त्या जोडण्या आत एकाच टेबलावर एकमेकींच्या पाया पडत होत्या. टेबल बदलायला तीन आठवडे मागितले. मिळाले नाहीत. मग लिहून दिलं: "सेकंदाला चार हजार. वीस सर्व्हरपर्यंत. त्यापुढे वाढवू नयेत."

तीन वाक्यं होती. स्लाइडवर पहिलं राहिलं, मोठ्या अक्षरांत. बाकीची दोन जागेअभावी गेली.

उद्घाटन सकाळी अकराला होतं. अकरा वाजून नऊ मिनिटांनी फोन वाजला. ड्यूटीवरचा मुलगा होता, आवाज कोरडा पडलेला.

"सर, वीसचे बत्तीस केलेत, तरी खालीच चाललंय. अजून आठ लावू?"

"बारा काढ."

पलीकडे शांतता. मग मागून कोणाचा तरी जाड आवाज, "काय म्हणतायत?" आणि याचं हलक्या आवाजात उत्तर, "काढायला सांगतायत." मग पुन्हा मला, "सर, लोक वाढतायत बाहेर. काढू?"

"एकदम नको. दोन-दोन करून काढ."

तो मोठ्याने मोजत गेला. तीस. अठ्ठावीस. सव्वीस. प्रत्येक आकड्यानंतर कळफलकाचा आवाज आणि मग काहीच नाही. चोवीसला तो थांबला. मला वाटलं फोन कटला.

"सर," तो म्हणाला, "वर चाललंय."